उंडीखालचं सूनमुख

खारशेतच्या बंदरावर उतरलं की समोर उंडीचं झाड दिसतं. वाऱ्याने एका अंगाला कललेलं, दोघांच्या कवेत न मावणारं. त्याच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचा एक काळा सपाट दगड आहे. त्यावर तुम्ही पिशव्या ठेवल्यात, हरकत नाही, पण बसू नका. आमच्या गावात लग्न होऊन येणारी प्रत्येक सून घरात पाऊल टाकण्याआधी या दगडावर उभी राहते. तिच्या मुंडावळ्या बाजूला करतात, डोक्यावरचा पदर मागे सारतात आणि तिचं तोंड वर फांद्यांवर बसलेल्या कावळ्यांना दाखवतात. सासू सूनमुख बघते ती त्यानंतर. पहिला मान कावळ्यांचा.

हसा, हसा. माझी बायको इथे उभी राहिली तेव्हा तीही हसली होती, आणि एका कावळ्याने तिच्या वेणीतली अबोली उपटून नेली. चाळीस वर्षं झाली, अजून तिचा राग गेलेला नाही. आणि पाहुणे, तो काळा चष्मा तेवढा काढा. इथल्या कावळ्यांना माणसाचा चेहरा नीट दिसलेला बरा असतो. का, ते सांगतो. मला माझ्या आजोबांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजीने. त्याच्या मागचं मला विचारू नका.

फार वर्षांपूर्वी खारशेतात धुरपा नावाची एक कोळीण होती. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरी जोमा नावाचा एक मुलगा. धुरपासारखे बोंबील सुकवणारी बाई पंचक्रोशीत नव्हती, असं सांगतात. ही समोर आडव्या बांबूंची रांग दिसते ना, तिला आम्ही वलांडी म्हणतो. ओले बोंबील जोडीजोडीने एकमेकांच्या जबड्यात अडकवून तिच्यावर वाळत घालायचे आणि दिवसभर कावळ्यांपासून राखायचे. राखणं हेच खरं काम. कावळा फार हुशार जात. भिंतीला टेकवलेली काठी आणि हातातली काठी यांतला फरक त्याला कळतो. धुरपाने राखणीला कुत्रा ठेवला, तर म्हणे एक कावळा मागून कुत्र्याची शेपटी ओढायचा, आणि कुत्रा वळला की दुसरा पुढून बोंबील न्यायचा. दुसऱ्या दिवशी ते दोघे आपली कामं बदलून घ्यायचे.

एका वैशाखात उंडीवरच्या घरट्यातलं एक पिल्लू वाऱ्याने धुरपाच्या वलांडीवर पडलं. त्याला धड उडताही येत नव्हतं. धुरपा उन्हाने आणि राखणीने करवादलेली. तिने पाहिलं न पाहिलं आणि काठी हाणली. पिल्लू जागच्या जागी गेलं. तेवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण बाकीच्या कावळ्यांना धाक बसावा म्हणून तिने ते मेलेलं पिल्लू पाय बांधून वलांडीच्या टोकाला उलटं टांगलं. तसं करतात किनाऱ्यावर. इतर गावांतले कावळे भिऊन दूर राहतात.

खारशेतचे भ्याले नाहीत. सगळे उंडीवरून खाली आले आणि वलांडीवर ओळीने बसले. एकानेही बोंबलाला चोच लावली नाही. सकाळभर ते नुसते धुरपाच्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून धुरपा दाराबाहेर आली की गावातले सगळे कावळे तिच्यावर तुटून पडू लागले. बाकी कुणाला काही नाही, फक्त तिला. तिने लुगडं बदललं, शेजारणीची पाटी डोक्यावर घेतली, नवऱ्याचा जुना सदरा घालून पाहिला. तोंड दिसलं की त्यांनी ओळखलंच. पुढच्या वर्षी जन्मलेल्या पिल्लांनी तर ती गोष्ट पाहिलेलीही नव्हती, पण तीही आईबापांबरोबर तिच्यावर येऊ लागली. म्हणजे घरोघरी जसं आपण मुलांना सांगतो, त्या बाईपासून जपून राहा, तसंच त्यांनीही सांगितलं असणार. धुरपा घरात बसली. जोमा मासळी आणायचा, वाळवायला दुसऱ्यांच्या वलांडीवर द्यायचा.

एकदा शेजारची सुंद्री दारात येऊन सहज बोलून गेली. "धुरपे, जित्तेपनी जाऊ दे. पन तू मेल्यावर तुज्या पिंडाला कोन शिवल गो?"

धुरपाच्या काळजात ते जे रुतलं ते निघेना. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही तर जीव सुटत नाही, अशी आपली समजूत. आणि गावातला एकूण एक कावळा तिचा वैरी. उन्हात जाता येत नव्हतं याचं दुःख तिने गिळलं होतं, पण मेल्यावरही आपण याच किनाऱ्यावर अडकून राहणार, नवऱ्याकडे कधीच पोचणार नाही, या विचाराने ती झुरायला लागली.

अशी सहा वर्षं गेली आणि जोमाचं लग्न झालं. सून आली पलीकडच्या खाडीवरची, येसू नावाची. वरात दारात थांबली, ओवाळणीचं ताट तयार होतं, पण सासू काही बाहेर येईना. शेवटी दुसऱ्याच बाईने ओवाळून येसूला आत घेतलं. आतल्या काळोख्या खोलीत धुरपाने सुनेच्या तोंडावरून नुसता हात फिरवला. येसूला फार लागलं. आपण सासूला पसंत नाही असं तिच्या मनाने घेतलं आणि दोन दिवस ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी धुरपानेच तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. पिल्लाचं सांगितलं, पिंडाचं सांगितलं. म्हणाली, "मना तुजं तोंड बगायची लय हौस होती गो बाय. पन त्यांनी तुना माज्याजवल उबी पायली असती, तर तुजाबी जल्म या खोलीत गेला असता."

येसू रडली आणि तिने सासूच्या हातचं जेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मूठभर सुका जवळा घेऊन या दगडावर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून खाली. चार दिवसांची नवी नवरी भर बंदरात उघड्या डोक्याने उभी, यावर गावाने काय काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजा. येसूने कान दिला नाही. रोज त्याच वेळी, त्याच दगडावर, हात पुढे करून ती उभी राहायची. पहिला महिना एकही कावळा खाली आला नाही. मग एक आला, दगडावरचा सांडलेला जवळा टिपून पळाला. पावसाळा सरेपर्यंत ते तिच्या तळहातावरून खाऊ लागले. त्यांत एक म्हातारी लंगडी कावळी होती. तीच त्या पिल्लाची आई, असं म्हणतात. ती मात्र वरच्या फांदीवर बसून नुसती बघायची.

येसूला वाटलं, आता जमेल. एका सकाळी तिने सासूचा हात धरला आणि तिला बाहेर आणलं. दोघी दगडापाशी पोचायच्या आत लंगडी कावळी ओरडली आणि सगळा थवा धुरपावर कोसळला. येसूने तिला पोटाशी धरून कशीबशी घरी नेली. धुरपाच्या कपाळावर चोचीची खूण कायमची राहिली. त्यानंतर आठ दिवस कावळे येसूच्याही हाताला आले नाहीत.

त्या आठ दिवसांत धुरपाने ठरवलं, पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. "माजं र्‍हाऊ दे," ती म्हणाली. "तुजी त्यांची दोस्ती मोडाय नको." सुनेने किती समजावलं तरी तिने ऐकलं नाही. मात्र रोज पहाटे उठून ती घरातल्या सुक्या मासळीतले सगळ्यात चांगले बोंबील निवडायची आणि येसूच्या हाती द्यायची. जिने एवढीशी करदी, बोटाएवढी कोलंबी, कावळ्याला कधी सुखाने खाऊ दिली नव्हती, ती आता खवट तुकडा सापडला तर वेगळा काढायची. या गोष्टीत ही बाई मला सगळ्यात जास्त आवडते, ती इथे.

अशी अकरा वर्षं गेली आणि धुरपा वारली.

दहाव्या दिवशी जोमाने इथेच वाळूत पिंड मांडले. त्या काळी बाया पिंडाच्या जागी येत नसत. पुरुष लांब सरून उभे राहिले. उंडी कावळ्यांनी भरलेली होती, पण एकही खाली उतरेना. जोमाने हात जोडले, घर सांभाळतो म्हणाला, बायकोला अंतर देणार नाही म्हणाला. काही उपयोग नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे." जोमा वाळूत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आईला कशाची भीती होती ते त्याला ठाऊक होतं.

घराच्या ओट्यावरून येसू हे बघत होती. ती उठली आणि सगळ्या पुरुषांच्या मधून चालत आली. कुणी अडवायच्या आत तिने पिंड उचलून तळहातावर घेतला, दगडावर चढली आणि डोक्यावरचा पदर खाली टाकला. वर बघून म्हणाली, "अकरा वर्सं तुमी जे खाल्लं ते तिच्या हातचं होतं. मी नुसती आनून देत होते."

मग सगळ्यात वरच्या फांदीवरून लंगडी कावळी खाली आली. अकरा वर्षांत ती कधी येसूच्या हातावर बसली नव्हती. त्या दिवशी बसली. तिने येसूच्या तोंडाकडे पाहिलं, पिंडाकडे पाहिलं, आणि चोच लावली. मागोमाग सगळी उंडी खाली आली.

कावळ्यांना येसूचे शब्द कळले का, हे मला माहीत नाही. कुणी म्हणतात त्यांनी नुसता ओळखीचा चेहरा पाहिला. पण एक मी सांगतो, पिंड कुणाचा होता हे त्या कावळीला कळलं नसेल असं मी तरी मानत नाही.

आजही खारशेतात पिंड मुलगा मांडतो, पण तो कावळ्यांपुढे धरते सून. म्हणून आमच्या गावच्या सासवा सुनांना फार जपतात, असं आजूबाजूची गावं आम्हाला चिडवतात. चिडवू देत, खोटं नाही ते. आजही नवी सून आली की सासू तिला या दगडावर चढवते. तिची हनुवटी धरून तोंड वर करते आणि सगळ्या वरातीसमोर, अगदी हसऱ्या तोंडाने, कावळ्यांना म्हणते, "हिला नीट बगून ठेवा रं. माज्या वख्ताला हीच येनार हाय."