गेनूचे चार इंग्रजी शब्द

एका गावात एक भोळा दोरवाला होता. नाव गेनू. वाखाचे दोर वळायचा. त्यानं मारलेली गाठ जन्मात कुणाला सुटायची नाही, आणि त्याच्या डोक्यात शिरलेली गोष्ट जन्मात कुणाला बाहेर काढता यायची नाही. एवढं सोडलं तर पोरगा सोन्यासारखा. म्हणजे, सोनं तरी कुठं डोकं चालवतं!

गावाबाहेर मळ्यात भिवाजी राहायचा. त्यानं वीस वर्षं कचेरीत साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसून काढली होती. तिथून तो पेन्शन आणि तीन इंग्रजी शब्द घेऊन घरी आला होता. येस, नो आणि व्हेरी गुड. त्याची पोरगी अनसा. एकदा तिचा पोहरा विहिरीत पडला, तो गेनूनं काढून दिला. ती हसली. झालं! तेव्हापासून गेनूचा दरेक दोर हातभर लांबच व्हायला लागला.

गेनूची आई मागणी घालायला गेली. भिवाजीनं विचारलं, "पोराला इंग्रजी येतं?"

"दोर वळता येतो."

"दोरानं साहेबाशी बोलतात होय? तीन शब्द पायजेत. अर्थासकट, वाक्यासकट. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत. नाहीतर तालुक्याच्या कंपाउंडरचं स्थळ आलंय, त्याला हो म्हणतो."

गेनू पळत सदोबा गुरुजींकडं गेला. गुरुजी म्हणाले, "शिकवतो. पण माझी रीत न्यारी. मराठी शब्द सांगणार नाही, त्यानं डोकं आळशी होतं. मी खुणा सांगणार, वाक्य सांगणार. खुणा जुळल्या की वाक्य मोठ्यानं म्हणायचं. तरच शब्द आपला होतो."

"म्हणतो."

"पहिला शब्द, किंग. ज्याच्यापुढं लहानथोर मान खाली घालतात आणि हूं की चूं करत नाहीत, तो किंग. वाक्य, 'दिस इज अवर किंग!'"

गेनू घोकत निघाला. पिंपळाखाली गणू न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. समोर खुद्द गावचे पाटील. मान खाली. हूं नाही, चूं नाही. मागं चार जण आपली पाळी यायची वाट बघत माना खाली घालूनच बसलेले.

गेनूनं गणूच्या पायावर लोटांगण घातलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "दिस इज अवर किंग!"

गणू दचकला. वस्तरा सटकला. पाटलांची डाव्या बाजूची मिशी धुळीत पडली.

पाटलांनी गेनूला बदडलं. उजव्या मिशीनं बदडलं म्हणा, डावी नव्हतीच. तो रडत घरी आला. आई म्हणाली, "अरे येड्या, माणूस बघून असं ओरडू नये. बसा म्हणावं, पाणी द्यावं, गोड बोलावं."

"आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "गेस्ट. जो आपल्या दारी येतो, ज्याला अडवायचं नसतं, आणि जाताना रिकाम्या हातानं धाडायचं नसतं, तो गेस्ट. वाक्य, 'प्लीज कम, माय गेस्ट.'"

दुपारची वेळ. आई शेतात. गेनू ओसरीवर दोर वळत होता. परसातल्या भिंतीवरून एक माणूस उडी मारून आत आला. तोंडाला फडकं, काखेत पोतं.

ओरडायचं नाही, हे गेनूच्या पक्कं ध्यानात होतं. तो हळूच म्हणाला, "प्लीज कम, माय गेस्ट. बसा. पाणी घ्या."

माणूस घाबरला. पाणी प्याला. गेनूकडं बघितलं. दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "मी निघतोच."

"असे रिकाम्या हातानं?"

"मग काय नेऊ?"

"तांब्याचा हंडा न्या. परात न्या. जड होईल, थांबा, मी बांधून देतो."

गेनूनं पोत्याला झकास गाठ मारली. पोतं आपल्या डोक्यावर घेतलं. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवलं, आणि म्हणाला, "पुन्हा या."

संध्याकाळी आईनं चुलीपुढचा लाकडाचा पळा उचलला. "मुडद्या! पाणी कशात तापवू आता, तुझ्या टाळूवर? आल्या माणसाला आधी दरडावून विचारावं, कोण रे तू, काय न्यायला आलास!"

"आता तसंच करतो."

गुरुजींनी तर कपाळच धरलं. "अरे, तो गेस्ट नव्हता. तो थीफ होता."

"तो धडा कुठं झालाय अजून?"

"आता करतो. बोटावर मोज. दुसऱ्याच्या घरी जातो, एक. तिथली सगळ्यात मोलाची चीज घेऊन निघतो, दोन. मागं घरचे डोळे पुसत बसतात, तीन. तो थीफ! दिसला की 'कॅच द थीफ' म्हणायचं, मानगूट धरायची आणि पाटलांच्या हवाली करायचं. कितीही जवळचा असो, सोडायचं नाही."

"सख्खा असला तरी?"

"सख्खा असला तरी!"

तीन शब्द झाले. भिवाजी परीक्षा घ्यायला घरी आला. उंबऱ्यात पाय टाकतोय तोच गेनू गरजला, "कोण रे तू? काय न्यायला आलास?"

आईनं तोंडात पदर कोंबला. पण भिवाजीची छाती फुगली. "वा! आमचा साहेब अगदी असाच बोलायचा."

मग गेनूनं तिन्ही शब्द, तिन्ही अर्थ, तिन्ही वाक्यं एका दमात धडाधड म्हणून दाखवली. भिवाजीला त्यातलं अक्षर कळलं नाही. कळत नाही म्हणजे इंग्रजीच असणार, असं म्हणून तो उठला. "व्हेरी गुड!"

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ गेनूचं. मळ्यात मांडव पडला. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. गेनूच्या उपरण्याला अनसेच्या शेल्याची गाठ बसली. आई पुढं घरी गेली, सुनेसाठी माप भरून ठेवायला. बैलगाडी दारात आली.

आणि सगळी रडायला लागली. अनसेची आई, मावशी, आत्या. खुद्द भिवाजी टोपीनं डोळे पुसायला लागला.

गेनू कावराबावरा झाला. "मामंजी, काय झालं?"

"काय व्हायचंय, जावईबापू! घरातली सगळ्यात मोलाची चीज घेऊन निघालात तुम्ही."

गेनूनं एक बोट दुमडलं. दुसऱ्याच्या घरी आलो. दुसरं दुमडलं. मोलाची चीज घेऊन निघालो. तिसरं दुमडलं. मागं घरचे डोळे पुसतायत.

त्याला दरदरून घाम फुटला.

"कॅच द थीफ!" तो ओरडला. उजव्या हातानं आपलीच मानगूट धरली आणि स्वतःला ओढत ओढत चावडीकडं निघाला. गाठ बांधलेली, म्हणून अनसा मागं. अनसेमागं गाडी, गाडीमागं वऱ्हाड, वऱ्हाडामागं वाजंत्री. त्यांना कुणी थांबा म्हणालंच नाही, म्हणून ते वाजवतच आले.

चावडीत पाटील बसले होते. डावी मिशी नुकती बोटभर आली होती.

"पाटील, चोर आणलाय. मीच. माल शाबूत आहे, दागिन्यांसकट मोजून घ्या."

पाटलांना मिशी आठवली. "गुन्हा कबूल?"

"कबूल."

"मग बस आत. आणि भिवाजी, पोरगी घरी ने."

भिवाजी म्हणाला, "नो!" मग म्हणाला, "येस!" मग पुन्हा "नो!" त्याचं इंग्रजी तिथंच संपलं. कुणीतरी म्हणालं, कंपाउंडर अजून बिनलग्नाचा आहे. कितीही समजावलं तरी गेनू ऐकेना. "सख्खा असला तरी सोडायचं नाही," एवढंच म्हणे आणि मानगूट घट्ट धरी.

तेव्हा अनसेनं पदर खोचला. "गुरुजी, तुमच्या पायी ही पाळी आलीय. आणखी एक शब्द शिकवा यांना. हजबंड."

गुरुजींनी वऱ्हाडात उभ्या आपल्या बायकोकडं हळूच पाहिलं. आवाज आपोआप खाली आला. "हजबंड म्हणजे... घरधनिणीनं 'चल' म्हटलं की जो मान खाली घालून मुकाट चालायला लागतो, तो."

"वाक्य?"

"वाक्य नाही. त्याला बोलायचं नसतं."

अनसा गेनूला म्हणाली, "चल."

गेनूनं मानगूट सोडली, मान खाली घातली आणि मुकाट गाडीत जाऊन बसला. पाटील, भिवाजी, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. अनसा मळ्यातली पोरगी, तिनं कासरा आपल्याच हातात घेतला. बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "चल!"

बैलांनी माना खाली घातल्या. मुकाट चालायला लागले.

गेनू बघतच राहिला. बोटं दुमडली. पुन्हा दुमडली. सगळ्या खुणा जुळत होत्या. त्यानं गाडीतून उडी मारली, गाठीनं अनसाही खाली ओढली गेली, आणि त्यानं बैलांना हात जोडले आणि म्हणाला, "माफ करा, मला ठाऊक नव्हतं. तुम्ही आधीचे."

अनसा "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यानं तिच्या शेल्याला बांधलेलं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि उजव्या बैलाच्या शिंगाला बांधलं. दोरवाल्याची गाठ! गणूचा वस्तरासुद्धा तिच्यापुढं बोथट झाला. शेला फाडायचा तर अपशकुन. मग काय, बैल जुवातून सोडला आणि बैलाच्या बाजूनं अनसा घराकडं निघाली. गेनू मागून, अदबीनं, चार पावलं अंतर राखून.

दारात आई पंचारती घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप. तिनं सुनेकडं पाहिलं, शिंगाकडं पाहिलं, मागं लेकाकडं पाहिलं.

"गेन्या, हे काय रे?"

गेनूनं बैलाकडं बोट दाखवलं. "हे हजबंड."

आईनं काय करावं? मुहूर्त टळत होता. तिनं ओवाळलं. आणि त्या घरात माप ओलांडलं ते बैलानं. आधी खाल्लं, मग ओलांडलं.