पाहुण्या कावळ्याचा उपास

फार जुनी गोष्ट. खानदेशातला एक कावळा गोदास्नानाला नाशिकला आला. तीन दिवस कडक उपास करून चौथ्या दिवशी नदीत उतरायचं, असा त्याचा नेम होता.

तिसऱ्या दिवशी घाटावर एक म्हातारी नवऱ्याचा पिंड ठेवून बसली. कावळा शिवल्याशिवाय ती जेवणार कशी? पण घाटावरचे कावळे खाऊन खाऊन सुस्तावलेले. दुपार कलली.

"अहो, काय राहिलं हो तुमचं?" म्हातारी रडवेली झाली.

पाहुण्या कावळ्याने एकदा नदीकडे पाहिलं आणि झेप घेऊन पिंडाला चोच मारली. म्हातारी हात जोडून जेवायला उठली.

"वेड्या, उपास मोडलास!" घाटावरचे कावळे हसले.

चोचीला चिकटलेलं शीत झटकत पाहुणा म्हणाला, "माझा मोडला, पण तिचा सुटला की!"