शर्यतीचा छकडा

गाड्या माणसांसारख्या बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. आठवड्याच्या बाजारात शर्यतीचा एक छकडा विकायला उभा होता. त्याच्याभोवती सकाळपासून गर्दी होती. शेजारी एक जुनी बैलगाडी उभी होती.

"म्हातारे, तुझ्याकडं कुणी ढुंकून तरी बघतंय का?" छकडा तिला म्हणाला.

तेवढ्यात यशवंता बायकोला घेऊन आला. छकडा बघून तो हरखला. त्याने त्याच्याभोवती तीन चकरा मारल्या.

"अहो, यात एकट्यानं उभं राहायलाच जेमतेम जागा," बायको म्हणाली. "मी बसू कुठं? अन् कडबा काय डोक्यावर आणायचा?"

यशवंताने मुकाट्याने बैलगाडी घेतली. बैल जुंपून दोघं निघाली, पण त्याची मान मागेच वळलेली.

"बघ, अजून माझ्याकडंच बघतोय," छकडा ओरडला.

"बघू दे की," जाता जाता गाडी म्हणाली. "बसलाय माझ्यात."