हत्तींच्या मळ्यातला हातभर मुळा

शेजारच्या राजाने गजसेन महाराजांना हातभर लांब मुळा भेट पाठवला आणि दरबारात हाहाकार उडाला! कारण महाराजांच्या स्वतःच्या मळ्यातला मुळा जेमतेम वीतभर; त्यातही खाली दोन फाटे फुटलेले, वाकडातिकडा, रुसलेल्या पोरासारखा.

"माळी आळशी आहे," प्रधान भानुपंत म्हणाले. पंत बोलले म्हणजे चौकशी झालीच! दौलू माळ्याच्या पायांत बेड्या पडल्या.

त्याची थोरली बहीण सगुणी मातीने माखलेल्या पायांनी तशीच दरबारात शिरली. आईबापामागे तिला दौलूच काय तो उरला होता. पण या लोकांपुढे रडायला ती वेडी नव्हती.

"महाराज, त्या मळ्यातून तुमचे हत्ती रोज कवायत करत जातात. वरची माती आम्ही भुसभुशीत करतो, पण खाली दगडासारखा थर बसलाय. मूळ वीतभर उतरतं, त्या थरावर डोकं आपटतं आणि आडवं पळतं."

"म्हणजे दोष महाराजांच्या हत्तींचा?" पंत ओरडले.

"छे! दोष मुळ्याचा. समोर प्रधान आहेत हे त्याला कळत नाही!"

"जीभ आवर! लोण्यासारखी जमीन आहे ती."

"मग तुमची काठी रोवून दाखवा, पंत."

सगळी वरात मळ्यात गेली. पंतांनी चांदीच्या मुठीची काठी खुपसली. वीतभर गेली. पंतांनी सगळा भार टाकला. काडकन दोन तुकडे!

महाराजांचे नाक लाल झाले. "माझ्या हत्तींच्या पावलांनी ही जमीन पावन झालीय! हा कोपरा तुझा. हत्ती इथं येणार नाहीत. पण जमिनीत कुदळ घालायची नाही. इथंच हातभर मुळा पिकव. नाहीतर तुझा भाऊ जन्मभर कोठडीत!"

सगुणीने कुदळीला हात लावला नाही. ओढ्याकाठचा गाळ पाट्या भरभरून आणला. त्यात हत्तींची कुजलेली लीद मिसळली. त्या थोर प्राण्यांचा तेवढाच काय तो उपयोग! मग कोपऱ्यात कमरेइतका उंच, मऊ ढीग रचून त्यावर बी टोकले.

दरबारी येऊन खिदळत. "काय गं, मुळ्याची समाधी बांधलीस?"

"हो. आत अजून जागा आहे, या की!"

मुळा काढणीला आला. महाराज आले, बेड्यांसकट दौलूलाही आणले. महाराजांनी स्वतः पाला धरून ओढला. मुळा येतच राहिला! सरळ, पांढराशुभ्र, चांगला हातभर!

"लबाडी!" पंत किंचाळले. "हा मळ्यात पिकलाच नाही, मळ्याच्या वर पिकलाय! कोठडीत टाका त्या माळ्याला!"

शिपायांनी दौलूचे दंड धरले. सगुणी मधे शिरली.

"पंत, सिंहासनसुद्धा जमिनीपासून कमरभर उंच आहे. मग सांगा बरं, महाराज राज्यात बसतात की राज्याबाहेर?"

पंतांनी ढिगाची उंची आपल्या कमरेला लावून पाहिली.

आणि महाराज हसत सुटले! इतके, की फेटा सुटून खांद्यावर आला.

"काढा रे त्याच्या बेड्या! सगुणी, हा मळा आजपासून तुम्हा बहीणभावाला इनाम. हत्ती इथं फिरकणार नाहीत. हवं तितकं खोल खणा. आणि पहिली कुदळ..." महाराजांनी डोळे पुसले, "पहिली कुदळ पंत मारतील! लोण्यासारखी जमीन आहे म्हणे!"