कपारजाईची मुकी आरती

घंटा शोधू नका, मंडळी. कपारजाईच्या देवळात घंटा नाही, झांज नाही, आणि आरती होते तीही मुकी. मी इथला गुरव, पण मलाही ती म्हणायची परवानगी नाही. हा गाभारा डोंगरात कोरलेला आहे. त्याच्यामागून एक बोळ जाते, माणूस अंग चोरून सरकेल एवढीच. तीच आमची प्रदक्षिणा. चाळीस पावलं टाकली की पुन्हा देवीसमोर. तिथं थांबायचं, वाकायचं, मग पुढची फेरी.

असं सांगतात, की येसू नावाच्या एका सुनेनं आजारी लेकीसाठी एकशे आठ प्रदक्षिणांचा नवस केला होता. शंभर झाल्या आणि बोळीत दरड कोसळली. दगडांनी तिला भिंतीशी असं चेपलं, की हात जोडता येईनात, मान लववता येईना. ओरडायला छातीत वाराही मावेना. मोकळी राहिली ती फक्त उजवी टाच.

धुळीत सगळेच बाहेर पळाले होते, तेव्हा येसूही घरी गेली असेल असं लोक धरून चालले. थोड्या वेळानं भिंतीतून ठकठक येऊ लागली. पुजारी म्हणाला, "आई जागी झाली." झालं! ढोल आले, झांजा आल्या, आणि सगळे इतक्या भक्तीनं गायले, की ती ठकठक कुणाला ऐकूच येईना. आमचीच माणसं ती, पण मला अजून त्यांचा राग येतो.

ओळखलं ते येसूच्या सासूनं, ठकूबाईनं. ती ठार बहिरी. तिनं भिंतीला तळवा लावला होता. चाळीस ठोके, मग थांबा. पुन्हा चाळीस, पुन्हा थांबा. तिनं पुजाऱ्याच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि म्हणाली, "देवी सोताभवती कशाला फिरंल? ही माजी सून चालतीया."

दगड उपसता उपसता दिवस मावळला. येसू जिवंत निघाली. उरलेल्या आठ फेऱ्या टाचेनं मोजून नवस तिनं आतच पुरा केला होता, आणि पुढं लेकही बरी झाली. पण बाहेर आल्यावर ती म्हणे एवढंच बोलली, "तुमी गात व्हता, ते समदं मला ऐकू येत व्हतं."

आजही इथं आरतीला कुणी तोंड उघडत नाही. एकेकानं भिंतीला तळवा लावायचा, जागच्या जागी चाळीस वेळा टाच टेकवायची आणि थांबायचं. पलीकडून कुणी चालतंय का, ते बघायचं.

चला, हात लावा. आता बोलू नका.