दोघांत एक वकील

मिरजेच्या मालनबाई तोडकर दवाखान्यात नर्स होत्या. आयुष्यभर लोकांना सुया टोचताना त्यांचा हात कधी अडला नाही, पण बिल्डर शिरगुप्पेंच्या ऑफिसात फ्लॅटच्या करारावर पेन धरलेला तोच हात पुढं सरकेना. त्यांच्या धाकट्या बहिणीनं असंच कागद न तपासता घर घेतलं होतं. दोन वर्षांनी जमिनीचा भलताच वारस उगवला आणि नांदत्या घराला कोर्टाचं सील लागलं. ते लाखेचं सील मालनबाईंच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

“सही करण्याआधी माझ्या वकिलांना कागद दाखवते,” त्या कशाबशा म्हणाल्या.

शिरगुप्पे खुर्चीत रेलून हसले. “बाई, आमचे वकीलसाहेब हे काय इथंच बसलेत. अख्ख्या बिल्डिंगचे करार यांनीच केले. विकणाऱ्याचंही तेच बघतात, घेणाऱ्याचंही. दुसरा वकील हवाच कशाला?”

मालनबाईंनी विचारलं, “म्हणजे दोघांत एक वकील पुरतो?”

“अगदी आरामात पुरतो.”

“मग बरं झालं. माझे वकील खाली थांबलेत, त्यांनाच वर बोलावते. दोघांचंही तेच बघतील. तुमच्या साहेबांना आज सुट्टी द्या.”

शिरगुप्पे ताडकन सरळ बसले. “असं कसं? तुम्ही आणलेला माणूस माझी बाजू कशाला सांभाळेल?”

मालनबाईंनी पेनाला टोपण लावलं.

“मला सकाळपासून हीच भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या.