कोमेजलंय नुसतं!

डोंगराच्या कुशीत एक इवलीशी झोपडी होती. तिथे तुळसा आणि तिची आई राहायच्या. आई मोगऱ्याचे गजरे करायची, तुळसा ते गावात विकायची. पण चार दिवस झाले, आई तापाने फणफणली होती. चूल थंड, पिठाचा डबा रिकामा, अंगणातल्या मोगऱ्यालाही फूल नाही!

म्हणून तुळसा एकटीच रानात फुलं वेचायला निघाली. प्यायला बरोबर पाण्याचा चिमुकला तांब्या.

रानात सोनेरी ऊन चमचमत होतं. लाल, पिवळी, जांभळी फुलं वाऱ्यावर डुलत होती. एका खडकाआड मात्र एक निळं फूल मान टाकून पडलं होतं.

"अगं बाई, किती कोमेजलंय हे!" तुळसा कळवळली. तिच्या घशाला कोरड पडली होती. तरी तिने सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं.

पाकळ्या अलगद उघडल्या, आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली! पंख मोरपिशी, झगा चंदेरी.

"जो तो म्हणाला, 'सुकलं हे फूल', आणि पुढे गेला. तू 'कोमेजलं' का म्हणालीस गं?"

"आई सांगते, सुकलं ते गेलं. कोमेजलेल्याला नुसती तहान लागलेली असते."

परी खुदकन हसली. "अगं, हा आम्हा पऱ्यांचा शब्द! फार फार पूर्वी एका फुलाने पहिल्यांदाच मान टाकली. सगळ्या पऱ्या रडू लागल्या. तेव्हा आमची म्हातारी परी म्हणाली, 'रडता काय? कोमेजलंय नुसतं! पाणी आणा!' माणसांनी शब्द तेवढा नेला. पाणी आणायचं विसरली! बरं, माग तुला काय हवं ते."

"माझी आई बरी होऊ दे."

परीने पानाच्या द्रोणात दवाचा एक टपोरा थेंब दिला. "अट एकच. थेंब देताना आशा सोडायची नाही. सोडलीस, तर हे साधं पाणी!"

परी तुळसाच्या केसांत बसली. तुळसा धावत घरी आली. दारात शेजारची भागामावशी डोळे पुसत होती. "तुळसे, आई डोळेच उघडत नाही गं. आता काही खरं नाही."

तुळसा आत धावली. आईचा पांढराफटक चेहरा बघून तिला हुंदका आला. तो तिने गिळला.

"नाही मावशी, आई कोमेजलीय नुसती," म्हणत तिने थेंब आईच्या ओठांवर सोडला.

थेंबातून सात रंग लखलखले. आईच्या गालांवर गुलाबी छटा आली. तिने डोळे उघडले. "तुळसे, भूक लागलीय गं!"

मावशी रडतारडता हसली आणि पेज टाकायला पळाली. अंगणातला मोगरा असा बहरला, की पानच दिसेना. परीने तुळसाच्या नाकाचा इवलासा पापा घेतला, गर्रकन गिरकी घेतली, आणि झोपडीभर चांदणं सांडावं तसा उजेड करून त्या उजेडातच विरून गेली.